भल्यासाठी वेगळं बसवलेली मुलं

नमस्कार. आयोजकांनी मला दिलेला विषय होता 'सर्वसमावेशक शिक्षण'. तो एवढा ऐसपैस आहे की त्यावर कुणीही काहीही बोलून व्यासपीठावरून खाली उतरू शकतं. म्हणून मी तो कापून लहान केलाय. मी फक्त युरोपातल्या रोमा मुलांच्या शाळांबद्दल बोलणार आहे. त्यातही एकच धागा धरणार आहे: या मुलांना वेगळं बसवताना जवळजवळ दर वेळी त्यांच्या भल्याचं कारण दिलं गेलं.

रोमा म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो. साधारण हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली. आज युरोपात त्यांची संख्या एक कोटी ते सव्वा कोटी धरतात. हे ऐकलं की 'अरे, आपलीच माणसं!' असं म्हणून गहिवरून यायची आपल्याकडे पद्धत आहे. तो गहिवर आज जरा बाजूला ठेवू या. ही माणसं इथेच राहिली असती तर त्यांचं काय झालं असतं, याचा अंदाज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावरून सहज बांधता येतो.

आता चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्राव्हा शहरात जाऊ. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने असलेलं हे कामगारांचं शहर. १९९६ ते १९९९ या काळात तिथल्या अठरा रोमा मुलांना 'विशेष शाळेत' घातलं गेलं. विशेष शाळा म्हणजे मतिमंद मुलांसाठीची शाळा. अभ्यासक्रम कमी केलेला. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला नेहमीच्या माध्यमिक शाळेचं दार जवळपास बंदच. या अठरा मुलांच्या वतीने बुडापेस्टच्या युरोपियन रोमा राइट्स सेंटरने खटला उभा केला आणि त्यासाठी शहरातल्या शाळांचे आकडे गोळा केले. ओस्त्राव्हाच्या एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा मुलं सव्वादोन टक्के. विशेष शाळांत मात्र १,३६० पैकी ७६२, म्हणजे ५६ टक्के. दुसऱ्या बाजूने पाहा: शहरातलं प्रत्येक दुसरं रोमा मूल मतिमंदांच्या शाळेत, आणि बाकीच्या मुलांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी.

सरकारचं म्हणणं काय होतं? मुलांची मानसशास्त्रीय चाचणी घेतलीय. तज्ज्ञांनी शिफारस केलीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईवडिलांनी सही केलीय. काही पालकांनी तर स्वतः अर्ज करून मूल तिकडे पाठवलं होतं.

या सहीवर मला जरा थांबायचंय, कारण पुढे प्रत्येक देशात ती तुम्हाला भेटणार आहे. सही करणारे पालक बहुतेक स्वतः फार शिकलेले नव्हते. कित्येक जण त्याच विशेष शाळांतून बाहेर पडलेले. छापील कागद पुढे आला आणि 'इथे मुलाकडे नीट लक्ष देतील' असं सांगितलं गेलं. त्यांच्यापुढे पर्याय दोनच: एक शाळा जिथे मुलाला हिणवतात, आणि दुसरी जिथे सगळी आपल्याच वस्तीतली मुलं आहेत. कुठली आई पहिली निवडेल? स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने, जिथे युरोपातल्या सरकारांविरुद्ध दाद मागता येते, २००६ मध्ये आधी या मुलांच्या विरोधात निकाल दिला. मग प्रकरण मोठ्या पीठापुढे गेलं आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी तो फिरला. त्या निकालातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: भेदभाव न होण्याचा हक्क पालकाच्या सहीने सोडून देता येत नाही, सही समजून-उमजून केलेली असली तरी. आणि कुणाच्या मनात वाईट हेतू होता हे सिद्ध करायची गरज नाही. नियम वरून सगळ्यांना सारखाच दिसत असला, तरी त्याचा फटका एकाच समाजाला बसतोय हे आकडे सांगत असतील, तर ते पुरेसं आहे.

मुलांना काय मिळालं? प्रत्येकी चार हजार युरो. निकाल लागला तेव्हा त्यातली सगळ्यात लहान मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली होती. शाळेची वर्षं कोर्टाला परत देता येत नाहीत. निकालाआधीच, २००५ पासून, चेक सरकारने विशेष शाळा हा प्रकार कायद्यातून काढून टाकला होता. पुष्कळ ठिकाणी पाटी बदलली, इमारत तीच, शिक्षक तेच. अभ्यासक्रमालाच हात घालणारी सुधारणा यायला २०१६ उजाडलं, आणि शाळेआधीचं बालवाडीचं एक वर्ष सक्तीचं झालं ते २०१७ पासून. माझ्या मते या बालवाडीच्या वर्षाने जे साधतं ते पहिलीतल्या कुठल्याही चाचणीने साधत नाही.

चाचणी हे एक कारण झालं. क्रोएशियात, मेजिमुर्ये भागातल्या खेड्यांत, कारण भाषेचं होतं. मुलांना क्रोएशियन नीट येत नाही म्हणून शाळा तीच, पण तुकडी वेगळी. मुलांना भाषा येत नाही, म्हणून ती बोलणाऱ्या मुलांपासूनच त्यांना दूर बसवायचं! आणि भाषा किती येते हे ठरवणारी खास चाचणी घेतलीच नव्हती. वेगळ्या तुकडीत फक्त रोमा मुलं. हे प्रकरणही स्ट्रासबुर्गला गेलं. २०१० मध्ये हा निकालही मुलांच्या बाजूने लागला, पण ९ विरुद्ध ८ असा. एक न्यायाधीश तिकडे असता तर संपलंच होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते अल्बानियातल्या कोर्चा शहराने. तिथे तर खरोखरच मदत होती. रोमा आणि तिथला दुसरा वंचित समाज, ज्यांना 'इजिप्शियन' म्हणतात, त्यांची मुलं शाळेत यावीत म्हणून सरकारने एका शाळेतल्या मुलांना शिधा द्यायला सुरुवात केली. यात काय चुकलं? हेतू स्वच्छ. मुलं आली, पट वाढला. पण शिधा त्या एकाच शाळेत. त्यामुळे गावभरातली गरीब मुलं तिथे जमली आणि इतर पालकांनी आपली मुलं काढून नेली. काही वर्षांत ती शाळा जवळपास पूर्णपणे या दोन समाजांचीच झाली. २०२२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने याला भेदभावच म्हटलं: तुमचा हेतू नसेल, पण दिसत असूनही तुम्ही वेळेवर काही केलं नाहीत. यावरचा उपाय बघा किती साधा आहे. तोच शिधा गावातल्या इतर शाळांतही द्यायचा. आपल्या खिचडीचं यश यातच आहे ना, की ती सरकारी आणि अनुदानित शाळेत सगळ्यांना मिळते आणि ती खातो म्हणून मूल कुठल्या जातीचं हे ठरत नाही.

मग हे मोडता येतं का? येतं. बल्गेरियात डॅन्यूबच्या काठी व्हिदिन नावाचं शहर आहे. तिथे नोव्ह पत ही रोमा वस्ती, आणि वस्तीतच तिची शाळा. २००० साली डोंका पानायोतोवा या रोमा शिक्षिका आणि त्यांच्या 'द्रोम' संस्थेने सुमारे तीनशे मुलं बसने शहरातल्या नेहमीच्या शाळांत न्यायला सुरुवात केली. नुसती बस नव्हे. बसमध्ये आणि शाळेत वस्तीतलंच मोठं माणूस सोबत. मागे पडलेल्यांना शाळेनंतर शिकवणी. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांना बूट. आणि घरोघरी जाऊन पालकांशी बोलणं, कारण भीती त्यांनाच जास्त होती. हे सरकारने नाही, रोमांनी स्वतः सुरू केलं, हे लक्षात ठेवा.

हंगेरीत २००७ मध्ये दोन शहरांनी आपापल्या रोमा शाळा बंद केल्या. न्यिरेजहाझाने मुलं बसने शहरात पाठवली. पण २०११ मध्ये तीच शाळा एका चर्चकडे सोपवून पुन्हा उघडली. खालच्या न्यायालयांनी हे बेकायदा ठरवलं. २०१५ मध्ये हंगेरीचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पालकांनी धार्मिक शिक्षण निवडलंय, त्यांना ते स्वातंत्र्य आहे. बघा, पुन्हा तीच सही! दुसऱ्या शहराने, सेगेदने, मात्र मुलं शहरातल्या बऱ्याच शाळांत वाटली, म्हणजे कुठल्याच वर्गात त्यांचा जथा झाला नाही. विद्यापीठातले भावी शिक्षक या मुलांसोबत मार्गदर्शक म्हणून रोज शाळेत असायचे, मधल्या सुट्टीतसुद्धा. इथे डी.एड. कॉलेजचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावं. बिगर-रोमा पालक मुलं काढून नेतात हा प्रश्न एका शाळेच्या मुख्याध्यापकाला कधीच सुटत नाही. तो अख्ख्या शहराच्या पातळीवर सोडवावा लागतो, नाहीतर माणसं फक्त शेजारच्या शाळेत पळतात.

आणि तरीही २०२१ च्या युरोपीय पाहणीत निम्म्याहून थोडी अधिक रोमा मुलं अशा शाळांत होती जिथे सगळी किंवा बहुतेक मुलं रोमाच होती. २०१६ च्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढलेलं होतं. इतके खटले जिंकूनही.

आता मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. प्रश्न असा: 'हंगेरीत रोमांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा आहे असं ऐकलं. मग तीही वेगळी शाळाच नाही का?'

चांगला आणि अडचणीचा प्रश्न. शाळा आहे. यानोश ओर्शोश आणि तिबोर देरदाक यांनी ती काढली. बाबासाहेबांचं चरित्र त्यांच्या हाती पडलं, ते महाराष्ट्रात येऊन इथल्या बौद्ध वस्त्यांमध्ये राहिले, आणि परत जाऊन 'जय भीम' नावाने काम सुरू केलं. २००७ च्या सुमारास शायोकाझा या खेड्यात, खाणी बंद पडलेल्या भागात, शाळा उभी राहिली. पुढे ती मिश्कोल्त्स शहरातही गेली. तिथे येणारे बहुतेक रोमाच. पण ही पहिली-दुसरीतली मुलं नाहीत. आठवीनंतर ज्यांना कुणी घेतलं नाही किंवा ज्यांनी शाळा सोडली, असे तरुण आणि कधीकधी त्यांचे आईवडीलही तिथे येतात. तयारी होते ती देशभर सगळे देतात त्याच शालान्त परीक्षेची, कमी केलेल्या अभ्यासक्रमाची नाही. तेव्हा मी शाळेला दोन गोष्टी विचारतो: इथून बाहेर पडल्यावर मुलाच्या हातात कुठला दाखला असतो, आणि तो दाखवून त्याला पुढे कुठे जाता येतं? ओस्त्राव्हाच्या शाळेला या दोन्हींचं उत्तर नव्हतं. मिश्कोल्त्सच्या शाळेला आहे. पण म्हणून सहा वर्षांच्या रोमा मुलासाठी अशी वेगळी शाळा काढावी का? माझं उत्तर नाही असंच आहे. त्या वयात त्याला गावातल्या सगळ्या मुलांच्या शेजारीच बसवलं पाहिजे.