माहेर जर्मनीचं, मुकुट ग्रीसचा: राणी फ्रेडरिका

(लंडन, जुलै १९६३ ची न्यूजरील)

हे लंडन. ग्रीसचा राजा पॉल आणि राणी फ्रेडरिका सरकारी पाहुणे म्हणून आलेत. पण रस्त्यावर पोलिस किती आहेत ते बघा, पाहुण्यांच्या स्वागताला एवढे पोलिस लागत नाहीत. याच दौऱ्यात सगळे ऑल्डविच थिएटरला नाटक बघायला गेले, तर बाहेर जमलेल्या लोकांनी हुर्यो उडवली, आणि सोबत खुद्द एलिझाबेथ होती, म्हणजे इंग्रजांच्या स्वतःच्या राणीलाही ते ऐकून घ्यावं लागलं.

एका ४६ वर्षांच्या बाईवर एवढा राग कशासाठी? त्या काळात याचं एक सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी होतं, जर्मन आहे ना ती, अजून काय पाहिजे. मला हे उत्तर पटत नाही. तिने जे केलं त्याचा जाब जरूर विचारावा, तो विचारायलाच हवा होता, पण बाई कुठल्या घरात जन्मली यावरून तिचा निकाल लावायचा हे ग्रीसमध्येही चूक होतं आणि कुठेही चूकच.

(कौटुंबिक फोटो)

जन्म १८ एप्रिल १९१७, हार्त्स डोंगराळ भागातलं ब्लांकेनबुर्ग. आई व्हिक्टोरिया लुईझ ही जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याची एकुलती एक मुलगी, आणि त्याच नात्याने इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी ही फ्रेडरिकाची खापरपणजी. वडील ब्राउनश्वाइगचे ड्यूक. पोरगी दीड वर्षाची होते ना होते तोच महायुद्ध हरले, आजोबांची गादी गेली, वडिलांचीही गेली. पुढे शिक्षण इंग्लंडमध्ये, मग इटलीत फ्लॉरेन्सला. पण मधल्या काळात हिटलर आला आणि शाळकरी वयात तिचं नाव नाझींच्या मुलींच्या संघटनेत लागलं, भाऊ जर्मन सैन्यात होते. हे खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही, आणि नंतर जन्मभर हेच तिच्या तोंडावर फेकलं गेलं.

(अथेन्स, ९ जानेवारी १९३८)

हे लग्नाचं फुटेज. नवरा पॉल, राजा दुसरा जॉर्ज याचा धाकटा भाऊ, तिच्यापेक्षा १५ वर्षांहून मोठा. ब्रिटनच्या राणीचा नवरा प्रिन्स फिलिप याच घराण्यातला, पॉलचा चुलत भाऊ. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ग्रीसचं राजघराणंच मुळात बाहेरून आणलेलं, १८६३ मध्ये डेन्मार्कचा राजपुत्र बोलावून गादीवर बसवला होता. म्हणजे सासरही परकंच, पण परकी म्हणून बोट मात्र सुनेकडे.

तीन वर्षांत युद्ध दाराशी आलं. ऑक्टोबर १९४० मध्ये इटली, एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी. माहेरच्यांनी सासरवर स्वारी केली आणि ही दोन लहान मुलं घेऊन आधी क्रीटला, तिथून इजिप्तला, मग पार दक्षिण आफ्रिकेला. धाकटी आयरीन केपटाउनमध्ये जन्मली, १९४२ साली. मागे अथेन्समध्ये त्या हिवाळ्यात माणसं उपासमारीने रस्त्यावर मरत होती. परत आली १९४६ मध्ये, सार्वमताने राजा परत बोलावल्यावर, आणि १ एप्रिल १९४७ ला जॉर्ज वारला, पॉल राजा झाला, ही राणी. वय तीस सुद्धा पूर्ण नाही, आणि देशात यादवी पेटलेली, एकीकडे सरकारी सैन्य, दुसरीकडे डोंगरात कम्युनिस्ट गनिमी सैन्य.

(कोनित्सा, आणि त्यानंतर मुलांच्या वसाहतींचं फुटेज)

आता जरा थांबून बघा, कारण इथली दृश्यं आम्हाला सगळ्यात मोलाची वाटतात. कोनित्सा, अल्बानियाच्या सीमेजवळचं गाव. १९४७ च्या नाताळात बंडखोरांनी त्याला वेढा घातला होता. वेढा उठल्यावर जानेवारीतच राणी तिथे पोचली, राजा आजारी होता म्हणून एकटीच गेली. मंत्री नको म्हणत होते की नाही ते सोडा, ती गेली हे महत्त्वाचं, सैनिकांना भेटली, गावकऱ्यांना भेटली, आणि त्या एका फेरीने तिचं नाव देशभर झालं.

आणि या मुलांच्या वसाहती. ग्रीक लोक त्यांना पाइदोपोलिस म्हणायचे, मुलांची गावं. जुलै १९४७ मध्ये राणीच्या नावाने निधी सुरू झाला, उत्तरेकडच्या जिल्ह्यांसाठी, आणि बघता बघता पन्नासच्या वर वसाहती उभ्या राहिल्या. डोंगरातली गावं रिकामी होत होती, कुणाचा बाप मेलेला, कुणाची आई तुरुंगात, कुणाचं घरच जळालेलं, अशी हजारो पोरं इथे आणली. हे बघा, रांगेत उभी आहेत, केस बारीक कापलेले, कपडे एकसारखे. सकाळी प्रार्थना, झेंडा, मग वर्ग, मोठ्या मुलांना सुतारकाम, मुलींना विणकाम. ज्या पोराने दोन वर्षं पोटभर जेवण पाहिलं नव्हतं त्याच्या हातात इथे ताट आलं, ही गोष्ट कुठल्याही राजकारणाने पुसली जात नाही असं मला मनापासून वाटतं. राणी स्वतः फिरायची, निधी गोळा करायला बायकांच्या समित्या उभ्या केल्या, परदेशात जाऊन मदत मागितली.

पण याच वेळी कम्युनिस्टांनीही त्यांच्या ताब्यातल्या गावांमधून साधारण २८ हजार मुलं सीमेपार नेली, युगोस्लाव्हिया, अल्बानिया, बल्गेरिया, पुढे रोमानिया, हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकियापर्यंत. ते म्हणायचे बॉम्बपासून वाचवलं, सरकार म्हणायचं पळवून नेलं. प्रकरण संयुक्त राष्ट्रांत गेलं, नोव्हेंबर १९४८ मध्ये मुलं परत पाठवा असा ठराव झाला, तरी कित्येक मुलं वर्षानुवर्षं परत आली नाहीत, काही कधीच नाही. आणि डावे उलट राणीला विचारायचे की तुमच्या वसाहतीत तरी काय वेगळं चाललंय, बंडखोरांच्या पोरांना आईबापाविरुद्धच शिकवताय ना. या प्रश्नात दम होता. दुसरी तक्रार पैशाची, निधीचा हिशोब संसदेपुढे नीट ठेवला जात नाही ही. माझ्या मते राणीचं खरं चुकलं ते इथे. काम चांगलं होतं म्हणून हिशोब द्यायचा नाही असं होत नाही, आणि ज्या बाईला कुणी मत देऊन निवडलेलं नाही तिने तर दोनदा द्यायला हवा.

(आगामेम्नॉन जहाज, १९५४)

हे मात्र वेगळंच जग. युद्धाने कंगाल झालेल्या ग्रीसकडे पर्यटक यावेत म्हणून राणीने युरोपभरची राजघराणी एका जहाजावर बोलावली, शंभराच्या आसपास राजे, राण्या, राजपुत्र, काहींच्या तर गाद्याही गेलेल्या. बेटं बघितली, भग्नावशेष बघितले, फोटो जगभर छापून आले. आणि याच जहाजावर थोरली मुलगी सोफिया आणि स्पेनचा हुआन कार्लोस यांची पहिली ओळख झाली असं सांगतात.

(अथेन्स, १४ मे १९६२)

त्यांचं लग्न. आधी कॅथलिक पद्धतीने, मग ऑर्थोडॉक्स, सोफियाचा लांबच लांब पदर बघा, सांभाळायला मुली लागल्यात. मुलगी राजाची, हुंडा मात्र सरकारी तिजोरीतून, ९० लाख ड्राख्मा, तेव्हाचे ३ लाख डॉलर. देशातली तरणी पोरं त्याच काळात पोटासाठी जर्मनीच्या कारखान्यांत निघाली होती, १९६० मध्ये तसा करारच झाला होता. लोक चिडणार नाहीत तर काय.

(लंडन, एप्रिल १९६३, वृत्तपत्रांतले फोटो)

आणि मग लंडन. एप्रिलमध्ये प्रिन्सेस अलेक्झांड्राच्या लग्नाला राणी आयरीनला घेऊन आली, क्लॅरिजेस हॉटेलात उतरली. बाहेर बेटी अंबातिएलोस उभी होती, वेल्सची शिक्षिका, तिचा नवरा टोनी हा ग्रीक खलाशांच्या युनियनचा पुढारी आणि कम्युनिस्ट, १९४७ पासून तुरुंगात, म्हणजे यादवी संपून १४ वर्षं झाली तरी आतच. बेटीला एवढंच सांगायचं होतं की माझ्या नवऱ्याला सोडा. राणी दोन शब्द ऐकून घेती तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण मायलेकी पळत सुटल्या, मागे निदर्शक, गल्लीतल्या एका घराचं दार ठोठावलं, ते निघालं मार्टी स्टीव्हन्स या अमेरिकन अभिनेत्रीचं, आणि तिने आत घेतलं. जगभर बातमी झाली.

ग्रीसचा एक खासदार, ग्रिगोरिस लाम्ब्राकिस, राजकीय कैद्यांसाठी राणीला भेटायला लंडनला गेला होता, त्यालाही भेट मिळाली नाही. २२ मे ला थेस्सालोनिकीत सभेनंतर त्याच्यावर हल्ला झाला, २७ मे ला तो गेला, अंत्ययात्रेला अथेन्समध्ये लाखो लोक. पंतप्रधान करमनलीस म्हणत होते जुलैचा सरकारी दौरा रद्द करा, राजवाडा ऐकेना, जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. दौरा झालाच. सुरुवातीला बघितलेली न्यूजरील तीच, आणि त्याच निदर्शनांत चॅलेनर नावाच्या लंडनच्या एका पोलिसाने एका व्यंगचित्रकाराच्या खिशात विटेचा तुकडा सापडल्याचा बनाव केला, खिशात विटेची धूळच सापडली नाही म्हणून कोर्टात व्यंगचित्रकार सुटला आणि पुढे पोलिसांचंच बिंग फुटलं.

मार्च १९६४ मध्ये पॉल गेला, २३ वर्षांचा मुलगा कॉन्स्टंटाइन राजा झाला, १९६५ मध्ये त्याचं पंतप्रधानांशी फाटलं आणि खापर आईवर, १९६७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, डिसेंबरमध्ये राजाचा उलटा डाव फसला, सगळे रोमला, १९७४ च्या सार्वमतात ६९ टक्के लोकांनी राजेशाही नको म्हणून सांगितलं.

(मद्रास)

हे फोटो आपल्या देशातले. परागंदा झाल्यावर फ्रेडरिका आयरीनला घेऊन मद्रासला राहिली, मद्रास विद्यापीठाच्या प्रोफेसर महादेवन यांच्याकडे अद्वैत वेदान्त शिकली, कांचीच्या शंकराचार्यांना भेटली. कैसरची नात शांकरभाष्याकडे कशी वळली यावर खरं तर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

६ फेब्रुवारी १९८१ ला माद्रिदमध्ये डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी ती गेली. दफन अथेन्सजवळ तातोईला, नवऱ्याशेजारी. सरकारने परवानगी दिली ती अशी की कॉन्स्टंटाइनने यायचं, आईला माती द्यायची आणि काही तासांत देश सोडायचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कोण, तर तेच करमनलीस.

डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या नातवंडा-पतवंडांसह घराण्यातल्या दहा जणांनी प्रजासत्ताक मान्य असल्याचं लिहून दिलं आणि त्यांना ग्रीक नागरिकत्व मिळालं. आडनाव त्यांनी घेतलं द ग्रेस, आणि लगेच अथेन्समध्ये वाद सुरू, हे तर फ्रेंच आहे, ग्रीक माणसाला असलं आडनाव कशाला.