पिकअप घेताना लोगो नंतर, आधी मागचा ॲक्सल बघा

नमस्कार मंडळी. "टोयोटा हायलक्स घेऊ, फोर्ड रेंजर घेऊ, की इसुझू डी-मॅक्स?" आज याच प्रश्नाला हात घालू. शोरूममध्ये तुम्हाला पुढची जाळी, मोठा स्क्रीन आणि सीटचं लेदर दाखवतात. आपण गाडीच्या बुडापासून सुरुवात करू, कारण पिकअपचा स्वभाव तिथेच ठरतो.

[कॅमेरा जमिनीलगत, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला]

ही पोलादी पानं एकावर एक रचलेली दिसतायत ना, हे पाटे. वरची लांब, पातळ पानं रोजचं वजन घेतात. खाली एक जाड, जवळजवळ सरळ पान आहे. रिकाम्या गाडीत ते नुसतं लटकून असतं, हौद्यात माल पडला की वरचं पान त्याच्यावर टेकतं आणि मग ते कामाला लागतं. म्हणून रिकामी पिकअप खड्ड्यात उडते आणि तीच गाडी ७००-८०० किलो टाकल्यावर शांत चालते. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन "फार दणके बसतात" म्हणणं म्हणजे त्या गाडीवर अन्याय आहे.

काही पिकअपना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असतात. रॅम १५०० ला २००९ पासून आहेत, निसान नवाराच्या डी-२३ पिढीच्या डबल कॅबला (चार दारं, दोन सीटरांगा) बऱ्याच देशांत आहेत, फोर्ड रेंजर रॅप्टरला आहेत. चाक मोकळेपणाने वरखाली होतं, वळणावर गाडी रस्ता धरून राहते. पण भरपूर वजन टाकलं की बूड खाली बसतं. नवाराच्या सुरुवातीच्या गाड्या ओझ्याखाली इतक्या बसायच्या, की निसानला पुढे मागच्या स्प्रिंग कडक कराव्या लागल्या. आणि रेंजरचंच बघा. साध्या डिझेल रेंजरची बहुतेक मॉडेल्स ३५०० किलोचा ब्रेकवाला ट्रेलर ओढतात, रॅप्टर २५०० किलो. हौद्यातही रॅप्टर बरंच कमी वजन घेते. नाव एक, कंपनी एक, आणि गाड्या दोन वेगळ्या कामांच्या. म्हणून "फोर्ड चांगली की टोयोटा चांगली" याला नुसतं उत्तर देता येत नाही. कुठली रेंजर, कुठली हायलक्स, कुठलं इंजिन, हे आधी सांगावं लागतं.

आता वजनाचा हिशेब. हा भाग पळवू नका, पिकअपची सगळ्यात जास्त वाट इथेच लागते.

दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली एक पाटी असते, तिच्यावर गाडीचं एकूण मान्य वजन लिहिलेलं असतं. समजा ते ३०५० किलो आहे आणि गाडीचं कोरं वजन २१५० किलो. म्हणजे हातात ९०० किलो. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. आता वजा करत चला. ७५ किलोच्या हिशेबाने चार माणसं, ३०० गेले. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (फसलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), १०० गेले. हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे बंद छत, ८० गेले. राहिले ४२०. म्हणजे ५० किलोची आठ पोती. नववं पोतं टाकलंत की गाडी मर्यादेबाहेर गेली.

त्याला ट्रेलर जोडा. हायलक्स, रेंजर, डी-मॅक्स, तिघींच्या माहितीपत्रकात ३५०० किलो हा आकडा झळकतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकच्या गोळ्यावर येतो, म्हणजे ३५० किलो. हे ३५० तुमच्या त्या ४२० मधूनच जातात. उरले ७०.

पण खरी गोम याच्या पुढे आहे. हुक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो. समजा तो १.३ मीटर मागे आहे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३.१ मीटर. तरफेच्या हिशेबाने मागच्या ॲक्सलवर ३५० येत नाहीत, सुमारे ४९७ किलो येतात. आणि पुढच्या ॲक्सलवरून सुमारे १४७ किलो उचलले जातात. मागचा ॲक्सल दबला, पुढची चाकं हलकी झाली, स्टिअरिंग पोकळ लागायला लागलं. मग माणूस काय करतो? बूड वर उचलायला पाट्यांच्या आणि चासीच्या मध्ये हवेच्या बॅगा बसवतो. गाडी दिसायला सरळ होते. पण जे ओझं पाट्यांच्या दोन टोकांतून चासीवर विभागून जात होतं, ते आता एका जागी, बरोबर मधे जोर लावतं. मागे गोळ्यावर वजन, मधे बॅगेचा धक्का, आणि वाट उंचसखल. चासी केबिनच्या मागे वाकते. हे कुठल्याही कंपनीच्या डबल कॅबचं होऊ शकतं, कारण डबल कॅबमध्ये हौद्याचा बराच भाग ॲक्सलच्या मागे येतो. जड माल कायम पुढे, केबिनला चिकटून ठेवा. स्पेअर डबे, पाण्याची टाकी, जनरेटर शेवटच्या फळीजवळ ठेवायची सवय मोडा.

रोज ओझं हेच काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सिंगल कॅब (एकच सीटरांग) किंवा दीड कॅब (मागे थोडीशी जादा जागा), मागे पाटे, आणि मोठं, निवांत फिरणारं इंजिन. इसुझू डी-मॅक्सचं ३ लिटरचं इंजिन इथे मला सगळ्यात आवडतं. १९० अश्वशक्ती हा काही डोळे दिपवणारा आकडा नाही. पण ३ लिटरमधून एवढंच काढलंय, म्हणून इंजिन दमत नाही. माझदा बीटी-५० ची २०२० नंतरची पिढी म्हणजे आतून हीच गाडी, तेव्हा दोन्हींत जी चांगल्या सौद्यात आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरसह मिळेल ती घ्या. तसंच फोक्सवॅगन अमारॉकची २०२२ ची पिढी रेंजरच्याच सांगाड्यावर बांधलेली आहे. आणि रोज तीन-साडेतीन टन ओढायचे असतील, तर या मधल्या आकाराच्या गाड्यांना छळू नका. ते काम फोर्ड एफ-२५०, सिल्व्हराडो २५००, रॅम २५०० यांचं.

आता आडवाटेकडे वळू.

[कॅमेरा: तिरक्या चरात उभी गाडी, एक मागचं चाक हवेत]

ही परिस्थिती नीट बघा. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी आहे. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधली गिअरपेटी, जी दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने सोडतं, म्हणून हवेतलं चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. मागचा डिफ लॉक लावला की दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ढकलतं. इथे एक गोष्ट टेस्ट ड्राइव्हलाच तपासा. काही गाड्यांत मागचा लॉक लावला की पुढच्या चाकांवरचा ट्रॅक्शन कंट्रोलही (घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) बंद पडतो. म्हणजे मागे मिळवलं आणि पुढे घालवलं. असाच चर शोधा, एकदा लॉकशिवाय आणि एकदा लॉकसकट चढवा, आणि पुढचं हवेतलं चाक ब्रेक धरतंय का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा.

खडकाळ वाटेवर पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्या वेगळ्याच पातळीवर चालतात, कारण एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. लँड क्रूझर ७० ची पिकअप, जीप ग्लॅडिएटर, रॅम पॉवर वॅगन या त्या जातीच्या. ग्लॅडिएटर रुबिकॉनला पुढेमागे दोन्ही लॉक आणि ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो गिअर ४:१. मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरला एकूण गुणोत्तर ८४.२:१ पर्यंत जातं, गाडी चालत्या माणसापेक्षा हळू दगड उतरते. पण तिचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, जवळजवळ साडेतीन मीटर आहे, त्यामुळे पुढून चढायचा कोन ४३ अंशांच्या वर असूनही पोटाखालचा कोन जेमतेम २० अंश. नाक उंचवट्यावर सहज चढतं, पोट त्याच्यावर टेकतं. खाली जाड पत्रा हवाच. लँड क्रूझर ७० मध्ये दुसरी गंमत आहे: २००७ मध्ये व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवताना पुढची चाकं रुंद केली आणि मागची तशीच राहिली, जवळजवळ ९५ मिलिमीटरचा फरक. वाळूत आणि चिखलात मागची चाकं पुढच्यांनी पाडलेल्या चाकोरीत बसत नाहीत, स्वतःची वेगळी चाकोरी खणतात. त्यात इंजिनाची ताकद वाया जाते.

चार चाकांच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. हायलक्स, डी-मॅक्स आणि बऱ्याचशा रेंजरमध्ये फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या गिअरमध्ये) ही फक्त घसरड्या जमिनीसाठी असते. कोरड्या डांबरावर वळलात तर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नसतं, आणि सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसवर येतो. मित्सुबिशी ट्रायटनच्या सुपर सिलेक्ट या पद्धतीत मधलं डिफरन्शियल आहे, ती ओल्या-सुक्या डांबरावरही चारही चाकांवर चालते. रेंजरच्या व्ही-६ डिझेलमध्ये ४-ए हा पर्याय हेच काम करतो. पावसाळी घाटरस्ते जास्त असतील तर या सोयीचं मोल फार आहे.

पाण्याचे आकडे: हायलक्स ७०० मिलिमीटर, सध्याची रेंजर आणि २०२० नंतरची डी-मॅक्स ८००. पण तो आकडा संथ पाण्याचा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी त्यात घालू नका. शिवाय लांबून पळवून आणलेली गाडी थेट पाण्यात घालू नका. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नंतर डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून दोन थेंब ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलंय, ऑइल लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातात.

आणि टायरची हवा. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर दगडगोट्यांवर २५, मऊ वाळूत १६ ते १८. त्याच्या खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून उतरतो. निम्म्या वेळा फसलेली गाडी नुसती हवा कमी केली की निघते.

आता भरवसा. इथे ब्रँडवरचा आंधळा विश्वास सगळ्यात महागात पडतो. टोयोटाचं नाव पक्कं आहे, हायलक्स १९६८ पासून आहे आणि तिचे पार्ट जवळजवळ कुठेही मिळतात, हे खरं. पण त्याच टोयोटाला अमेरिकेत टकोमा आणि टुंड्राच्या गंजक्या चासींपायी २०१६ मध्ये सुमारे ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. २०२२-२३ च्या टुंड्रामध्ये कारखान्यातला धातूचा कीस इंजिनात राहिला, २०२४ मध्ये सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ इंजिनातल्या बिघाडासाठी अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या बोलावल्या, आणि तपासणीत पास झालेल्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० ऐवजी जाडसर ०डब्ल्यू-४० ऑइल दिलं. रॅमच्या २०१९-२० च्या कमिन्स डिझेलमध्ये सीपी-४ जातीचा फ्युएल पंप बसवला होता. तो आतून घासला की धातूची चमकी इंजेक्टरपर्यंत पोचते आणि पंप, रेल, इंजेक्टर, सगळंच बदलावं लागतं. रॅमने त्या गाड्या परत बोलावून जुन्या जातीचा सीपी-३ लावून दिला. म्हणून कंपनी विचारू नका, इंजिनाचा कोड आणि साल विचारा.

नव्या डिझेलमधलं रोजचं दुखणं म्हणजे डीपीएफ, एक्झॉस्टमधला फिल्टर. धुरातली काजळी तो गाळतो आणि सुमारे ६०० अंशांना जाळतो. गाडी नुसती पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारत असेल तर जळण अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात, पण इथे ते वाढलेलं दिसेल, आणि ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. हायलक्सच्या २.८ मध्ये याचा इतका त्रास झाला, की टोयोटाने २०१८ मध्ये हाताने जाळायचं बटण दिलं. कोणतीही डिझेल पिकअप असो, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास चालवा. धुळीत काम असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदला, आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी दर सर्व्हिसला काढा.

जुनी पिकअप बघायला जाताना एक टॉर्च आणि छोटा हातोडा न्या. चासीवर आतल्या बाजूने, मागच्या पाट्यांच्या कड्यांपाशी हलके ठोके द्या. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर आतून गंज. निसान नवाराच्या डी-४० पिढीत तर हे आवर्जून बघा.

[कॅमेरा: केबिन आणि हौद्यामधली फट]

आणि मग इथे या. केबिन आणि हौद्यामधली ही फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वरच्या बाजूला दोन बोटं जातायत आणि खाली एकही जात नाही, असं असेल तर चासी ॲक्सलच्या पुढे वाकलेली आहे आणि हौद्याचं शेपूट खाली गेलंय. दोन्ही बाजूंनी मोजा, एका बाजूला चार-पाच मिलिमीटर जास्त निघाले तर गाडी आडवीही पिळलेली असू शकते. मग तिचा सौदा तिथेच थांबवा.