गोष्टीचा ताळा पाहणारे वाचक

(एका सार्वजनिक वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ग्रंथपाल आणि वाचकमित्रहो,

किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली कालप्रवासाची कादंबरी वाचून खाली ठेवल्यावर वाचक काय बोलतो, हा आजचा विषय आहे. तो हवेत राहू नये म्हणून मी दोन अमेरिकन पुस्तके निवडली आहेत. पहिले मॅडेलिन लेंगल यांचे ‘अ रिंकल इन टाइम’. ते 1962 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. दुसरे रिबेका स्टेड यांचे ‘व्हेन यू रीच मी’. हे 2009 चे, आणि 2010 मध्ये त्यालाही तेच पदक मिळाले. या दुसऱ्या कादंबरीची नायिका पहिली कादंबरी पुन्हा पुन्हा वाचत असते, तिच्यावर वर्गातल्या मुलांशी वाद घालते आणि त्या वादात हरतेही. म्हणजे एका पुस्तकाला वाचकाने दिलेला प्रतिसाद हाच दुसऱ्या पुस्तकाचा कणा झाला आहे. याहून सोयीचे उदाहरण मला सापडले नसते.

पहिल्या पुस्तकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. मेग मरी ही चष्मा लावणारी, दातांना तारा बसवलेली, गणितात हुशार पण शाळेत सतत बोलणी खाणारी मुलगी आहे. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत. त्यांना शोधण्यासाठी मेग, तिचा पाच वर्षांचा विलक्षण भाऊ चार्ल्स वॉलेस आणि कॅल्विन नावाचा मुलगा, असे तिघे तीन अद्भुत स्त्रियांच्या मदतीने अवकाश ओलांडून जातात. ते कसे ओलांडायचे, हे समजावण्यासाठी त्या स्त्रियांपैकी एक आपल्या झग्याचे कापड दोन हातांत ताणून धरते. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत किड्याला चालत जावे लागले तर अंतर बरेच आहे, पण दोन्ही हात जवळ आणले की मधल्या कापडाला चुणी पडते आणि किडा चालल्यावाचून पलीकडे पोहोचतो. शीर्षकातली सुरकुती ती हीच.

आता मुद्द्याची जागा. मेगला काळजी आहे की आपण घरी नाही हे पाहून आईच्या जिवाला घोर लागेल. तेव्हा तिला सांगितले जाते की आपण अवकाशाबरोबर काळाचीही चुणी पाडली आहे, आणि काही भयंकर बिघडले नाही तर तुम्ही निघालात त्याच्या पाचएक मिनिटे आधीच तुम्हाला घरी पोहोचवू. पुढे पुस्तकाच्या शेवटी सगळी मंडळी घरामागच्या भाजीच्या बागेत, मेगच्या जुळ्या भावांनी लावलेल्या ब्रोकोलीच्या वाफ्यात येऊन पडतात. आई धावत येते, गळाभेटी होतात. मोठा वाचक इथे डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो.

स्टेड यांच्या कादंबरीतला मार्कस मात्र डोळे पुसत नाही. ही कादंबरी 1978-79 च्या न्यूयॉर्कमध्ये घडते आणि तिची निवेदक मिरांडा सहावीत शिकते. मार्कस तिला साधा प्रश्न विचारतो. मुले निघण्याच्या पाच मिनिटे आधी परत आली असतील, तर निघण्यापूर्वी बागेजवळ उभे असताना त्यांनी स्वतःलाच वाफ्यात येऊन पडताना पाहायला हवे होते. मग ते त्यांना दिसले कसे नाही? मिरांडा चिडते. जी मुले अजून गेलीच नाहीत ती परत कशी येतील, असे तिचे म्हणणे, आणि तिच्या दृष्टीने ते बिनतोड आहे. मार्कस म्हणतो की व्यवहारज्ञान ही विचार करण्याची केवळ सवय असते आणि कधी कधी तीच आड येते. पुढे ज्युलिया नावाची वर्गमैत्रीण या वादात पडते. तिच्या बोटातल्या अंगठीवर हिऱ्यांच्या बारीक कण्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक कणी म्हणजे एक क्षण, सगळे क्षण अंगठीवर एकाच वेळी हजर आहेत, आणि आपण एका कणीवरून दुसऱ्या कणीवर उड्या मारत असतो, असे ती सांगते. गोष्टीचा शेवट तिच्या मध्याच्या आधी कसा घडेल, या मिरांडाच्या हट्टाला मिळालेले हे उत्तर आहे.

माझे आजचे सगळे म्हणणे मार्कसच्या त्या प्रश्नाभोवती आहे. अशा प्रश्नाला आपण मोठी माणसे सहसा ‘खुसपट काढणे’ म्हणतो. मूल गोष्टीत रमले नाही म्हणून शंका काढते, असे आपण धरून चालतो. मला हे अगदी उलट वाटते. ज्या मुलाने गोष्ट खरी मानली, त्यालाच तिचा ताळा पाहावासा वाटतो, आणि ज्याने ती फक्त गोड म्हणून वाचली, त्याला पाच मिनिटे इकडची तिकडे झाल्याने काही फरक पडत नाही. शिवाय या शंकेमुळे पुस्तक पुन्हा उघडावे लागते. लेंगल यांच्या बाजूने बोलायचे तर आश्वासनातली ती अट पाहा: ‘काही भयंकर बिघडले नाही तर’. आणि बिघडते तर बरेच काही. चार्ल्स वॉलेस शत्रूच्या ताब्यात जातो, वडील मेगला घेऊन घाईघाईने निसटतात आणि मुलगा मागेच राहतो. मग ते पाच मिनिटांचे वचन अजून लागू आहे, असे कशावरून धरायचे? हा बचाव पक्का आहे असा माझा दावा नाही, पण तो मांडायचा तर संबंधित पाने बोट ठेवून वाचावी लागतात. निदान इतके काम तरी एका मुलाच्या शंकेने आपल्याकडून करून घेतले.

याच पुस्तकावर मोठ्यांनी काय प्रतिसाद दिले, तेही पाहण्यासारखे आहे. आधी प्रकाशकांनी ते नाकारले, आणि एकदा नव्हे तर लेखिकेच्या सांगण्याप्रमाणे निदान सव्वीस वेळा. हे मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, या एका प्रश्नाशी बरेचसे प्रकाशक अडले. पुस्तक छापून आले, गाजले, आणि मग त्याला विरोध करणारे पालक पुढे आले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 1990 ते 1999 आणि 2000 ते 2009 या दोन्ही दशकांसाठी सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांच्या याद्या केल्या, आणि दोन्हींत हे पुस्तक आहे. आक्षेपांचे एक मूळ कादंबरीतल्या छोट्याशा प्रसंगात आहे. विश्वावर पसरणाऱ्या अंधाराशी पृथ्वीवरून कोण कोण लढले, हे मुले आठवू लागतात. पहिले नाव येशूचे येते, आणि त्याच दमात लिओनार्दो, शेक्सपिअर, बाख, आइन्स्टाइन, गांधी आणि बुद्ध यांची. काही ख्रिस्ती वाचकांना येशू या रांगेत उभा केलेला मुळीच रुचला नाही. आपल्यापैकी कोणी ते पान वाचले तर गांधी आणि बुद्ध ही नावे पाहून त्याला घरच्यासारखे वाटेल, आणि तिकडचा वाचक नेमका तिथेच बिथरला. विशेष म्हणजे लेंगल स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलच्या ग्रंथालयाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले.

दुसरा प्रतिसाद राजकीय होता. वडील जिथे कैदेत आहेत त्या कामाझोट्झ ग्रहावर सगळी घरे एकसारखी आहेत, दारापुढची सगळी मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटतात, आणि एका मुलाचा चेंडू हातून निसटतो तेव्हा त्याची आई भेदरून जाते. 1962 हे शीतयुद्धाचे वर्ष असल्याने हा सरळ साम्यवादी राजवटीवरचा शेरा आहे, असे वाचन रूढ झाले. पुढे 2015 मध्ये लेखिकेच्या नातीला सापडलेला, छापील पुस्तकातून गाळलेला मजकूर प्रसिद्ध झाला. त्यात वडील मेगला समजावतात की असे ग्रह केवळ हुकूमशाहीतून घडत नाहीत, तर सुरक्षिततेची अति ओढ लागली की लोकशाही देशसुद्धा त्या वाटेला लागू शकतो. म्हणजे रूढ वाचन अर्धवट होते. अर्थात तो मजकूर गाळला हे कादंबरीच्या दृष्टीने बरे झाले असे माझे मत आहे, कारण चेंडू निसटलेल्या मुलाचा प्रसंग व्याख्यानावाचूनही पुरेसा बोलतो. चित्रपटांच्या वाटेला मी फारसा जाणार नाही. एव्हा ड्युव्हर्ने यांच्या 2018 च्या चित्रपटात स्टॉर्म रीड या कृष्णवर्णीय मुलीने मेगचे काम केले, आणि पुस्तकात स्वतःला कधी न दिसलेल्या कितीतरी मुलींना त्याचे अप्रूप वाटले, एवढे नोंदवतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हे पुस्तक मुलाचे काय करील, याची मोठ्यांना चिंता आहे, मग ती श्रद्धेची असो, राजकारणाची असो किंवा खपाची. पुस्तकात जे घडले ते तसे घडू शकते का, हे विचारायला त्यांच्यापैकी फारसे कोणी थांबलेले दिसत नाही. गणिताची आवड असलेला शाळकरी वाचक मात्र थांबतो. कादंबरीत त्या चुणीला ‘टेसरॅक्ट’ म्हटले आहे. भूमितीत टेसरॅक्ट म्हणजे घनाची चार मितींतली आवृत्ती, आणि हा शब्द ब्रिटिश गणितज्ञ चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांनी एकोणिसाव्या शतकातच वापरात आणला होता. लेंगल यांच्या कादंबरीत काळ ही चौथी मिती धरली आहे आणि टेसरॅक्ट पाचव्या मितीला जाऊन बसला आहे. हे पाठ्यपुस्तकाशी जुळत नाही, आणि ते ज्याच्या लक्षात येते त्या मुलाने कादंबरीबरोबर आणखी एक पुस्तक उघडलेले असते.

आपल्याकडेही असे वाचक आहेत. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा बहुतेकांना ठाऊक असेल. इंग्रजी रूपात ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आल्यामुळे मराठी न येणाऱ्या मुलांपर्यंतही पोहोचली. काटेकोरपणे पाहिले तर ती कालप्रवासाची नव्हे, समांतर जगाची कथा आहे. 1761 च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, अशा जगात गंगाधरपंत जाऊन येतात, आणि परत येताना त्यांच्या खिशात तिकडच्या बखरीचे एक फाटके पान असते. तो अनुभव म्हणजे भास नव्हता, हे त्या पानावरून ठरते. इथे शंका उभी राहतेच: माणूस मनाने तिकडे गेला म्हणावे, तर कागद कसा आला? परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न बहुधा लेखकाच्या वैज्ञानिक दृष्टिकोनावर असतो. कागदाचा प्रश्न मागच्या बाकावरून येतो, आणि माझ्या मते कथेच्या मर्माशी तोच अधिक जवळचा आहे.

आता पुन्हा मिरांडाकडे येतो. तिला अनोळखी हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या मिळू लागतात, एखादी कोटाच्या खिशात, तर एखादी पावांच्या पिशवीत. लिहिणारा म्हणतो की तो तिच्या मित्राचा जीव वाचवायला येत आहे, आणि तिने त्याला एक पत्र लिहावे. पुरावा म्हणून तो पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच कळवतो. शेवट मी सांगणार नाही, कारण पुस्तक न वाचलेले श्रोते इथे आहेत आणि या पुस्तकाचा शेवट फोडणे हा गुन्हाच आहे. एवढेच सांगतो की सगळी कादंबरी मिरांडा कोणाला तरी ‘तू’ म्हणून सांगते आहे, आणि हा ‘तू’ कोण हे कळताच वाचक पहिल्या पानावर परततो. दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये वेगळी दिसतात. पहिल्यांदा ओझरते वाटलेले माणूस, सहज आलेले तपशील, सगळे जागच्या जागी हिशेबात आलेले असते. मार्कसने लेंगल यांच्यावर घेतलेला आक्षेप स्टेड यांनी स्वतःच्या कादंबरीला आधीच लावून पाहिला आहे, म्हणून इथे ताळा चुकत नाही.

एक तपशील मला फार आवडतो. नाताळला मिरांडाला तिच्या लाडक्या पुस्तकाची पहिली आवृत्ती भेट मिळते, आणि तिच्यावर मॅडेलिन लेंगल यांची सही असते. 1978 च्या नाताळात लेंगल हयात होत्या. म्हणजे एका खऱ्या लेखिकेने एका काल्पनिक वाचक मुलीसाठी स्वाक्षरी केली, आणि ती स्वाक्षरी तिच्या नंतरच्या पिढीतल्या लेखिकेने आपल्या कादंबरीत लिहिली.

सगळ्याच मुलांना चिठ्ठ्यांचे कोडे महत्त्वाचे वाटते असेही नाही. काहींना बोचते ते हे की मिरांडाचा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र सॅल एके दिवशी रस्त्यात मार खातो आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचेच थांबतो. काहींच्या लक्षात राहतो तो सँडविचचा दुकानदार. त्याच्या दुकानातून पैसे गेल्यावर त्याचा संशय ज्युलियावर जातो, आणि का जातो ते तिच्या रंगाकडे पाहून कळते. ‘यात कालप्रवास थोडाच आहे’ अशी तक्रारही ऐकू येते. ती खोटी नाही. जिथे लढाया बदलतात किंवा साम्राज्ये वाचतात अशा कथांची सवय असलेल्या वाचकाला चार गल्ल्यांत घडणारी ही गोष्ट किरकोळ वाटू शकते. पण पहिल्या पुस्तकातही काळाची चुणी पाडली होती ती आईने काळजी करू नये म्हणून, हे विसरून चालणार नाही.

शेवटी ग्रंथपालांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो व्यवहाराचा आहे: मुलाच्या हाती यांतले आधी कोणते पुस्तक द्यावे? क्रमाने जायचे तर 1962 चे आधी द्यावे, आणि बहुतेक जण हाच सल्ला देतील. मी मात्र मिरांडाचे पुस्तक आधी द्यायला सांगेन. मूल मग लेंगल यांच्या कादंबरीकडे येते तेव्हा मार्कसची शंका त्याच्या मनात असते, ब्रोकोलीच्या वाफ्यापर्यंत ते डोळे उघडे ठेवून वाचते, आणि मार्कस बरोबर होता की नाही हे स्वतः ठरवते. त्यातल्या एखाद्याने मार्कसला खोटे पाडले तर ग्रंथपालांनी त्याचे म्हणणे कागदावर घ्यावे आणि तो कागद त्याच पुस्तकात ठेवून द्यावा. ते पुस्तक पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला वाद घालायला कोणीतरी मिळालेले असेल.