ओसीआयचं कार्ड येऊ दे गं सूनबाई

(मेलबर्नमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं छाटलं आहे. जिथे टाळ्या पडल्या नाहीत तो भाग मात्र तसाच ठेवला आहे. ओसीआय कार्ड म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात जाऊ देणारं कार्ड.)

नमस्कार मंडळी.

मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं. पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्या आहेत, आणि त्या प्रमुख पाहुण्यांसाठी राखलेल्या नाहीत. प्रमुख पाहुणे यंदा बजेटमध्ये बसले नाहीत, म्हणून तर मी इथे उभी आहे.

मला विषय दिलाय लोकगीतांच्या जतनाचा. मी रीतसर तयारी केली होती, चार पानं लिहिली होती. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरी त्याच विषयावरून एवढं मोठं भांडण झालं की ती पानं आता मला वाचवत नाहीत. त्यामुळे आज भाषणाऐवजी भांडणच ऐका.

आपला 'महाराष्ट्र दर्शन'चा कार्यक्रम बसतोय, तुम्हाला माहीतच आहे. वासुदेव, गोंधळ, कोळीगीत, भोंडला, लावणी आणि शेवटी ढोल. सगळं मिळून बारा मिनिटांत. महाराष्ट्र बारा मिनिटांत बसवण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे मी ट्रॅक कापते. आमची धाकटी भोंडल्याच्या तुकड्यात आहे. दिवाणखान्यात तिची प्रॅक्टिस चालू होती, स्पीकरवर कारल्याचा वेल चढत होता, आणि ही मध्येच थांबली. म्हणाली, ''आई, वेट. तिला स्वतःच्या आईकडे जायला परमिशन मागायला लागते?''

माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात. त्या शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ''मागायला लागायची बाई. मी मागितलेली आहे.''

''मग?''

''मग काय, कारलं लागेपर्यंत थांबले.''

धाकटी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''आईला पण थांबायला लागलं होतं ना, मामाच्या लग्नाच्या वेळी?'' आणि तिथल्या तिथे, त्याच चालीवर तिने सुरू केलं:

ओसीआयचं कार्ड येऊ दे गं सूनबाई, ओसीआयचं कार्ड येऊ दे गं सूनबाई, मग जा आपुल्या माहेरा माहेरा!

ओसीआयचं कार्ड आलं हो सासूबाई, आता तरी जाऊ द्या माहेरा माहेरा!

(हशा. बराच वेळ.)

हसा, हसा. ज्यांचा अर्ज अडकलाय ते हसत नाहीयेत, हे मला इथून दिसतंय. पुढचं कडवं सासूबाईंनी घातलं: तेवीस किलोत बॅग बसू दे गं सूनबाई. त्यापुढे मग तिकीट स्वस्त होऊ दे, बॉसची रजा मिळू दे. दोघी पेटल्या होत्या. आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, ''छान आहे गं, पण ट्रॅकमध्ये बसत नाही. ट्रॅक एक मिनिट चाळीसला संपतो.''

त्यावर माझी लेक म्हणाली, ''मग स्पीकरलाच नऊवारी नेसव ना!'' आणि दार आपटून आत गेली. सासूबाई तिच्या बाजूने. आमचे हे कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला गेले. त्या दिवशी कचऱ्याचा वार नव्हता.

तर तेव्हापासून तो नऊवारीतला स्पीकर काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता कृपा करून असं समजू नका की ही बाई 'जुनं तेच खरं' म्हणायला उभी राहिली आहे. मुळीच नाही. पेटीशिवाय आपलं भजन होत नाही, आणि ती पेटी युरोपातून आली आहे. शाहीर साबळ्यांनी गोंधळ, वासुदेव, कोळीनाच थिएटरात आणले नसते, तर आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेच नसते. मीही त्याच निम्म्यांतली. कॉलनीत वाढलेली, वासुदेव पहिल्यांदा बघितला तो गॅदरिंगमध्ये, आणि तो गणिताच्या सरांनी केला होता. विठ्ठल उमपांनी भारूड नागर रंगमंचावर नेलं म्हणून ते काही पातळ झालं नाही. आपल्या पोरांना संबळाचा आवाज ओळखता येतो त्याचं श्रेय अजय-अतुलना आहे, तुम्हाआम्हाला नाही. तेव्हा गिटार आणा, ड्रम आणा, तो बसायचा खोका बडवतात तो आणा. माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मला धाकटीने दार आपटल्यावर सुचली. ही जी गाणी आपण लोकगीतं म्हणून मिरवतो, त्या प्रत्येकात एक जागा मोकळी ठेवलेली असते. वासुदेव दारात येतो, दान पावलं म्हणतो आणि देवांची नावं घेत जातो, घर बदललं की नावं बदलतात. गोंधळी देवीला बोलावताना गावोगावच्या दैवतांना आवतण देतो, त्यात ज्या घरचा गोंधळ त्या घराचं कुलदैवत यायलाच हवं. ते आलं नाही तर म्हातारी उठून सांगणार, आमची राहिली! कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात तर समोरच्या पार्टीने काय विचारलं त्यावर उत्तर बांधायचं असतं, आणि चाल खुशाल सिनेमाची घेतात. आपण मात्र काय करतो? आपल्या स्टेजवरचा गोंधळी ओठ हलवतो. दिवटीत बॅटरीचा दिवा, कारण हॉलचा फायर अलार्म वाजतो, ते ठीक आहे, मान्य. पण या हॉलमध्ये बसलेल्या एकाही घराचं कुलदैवत त्या गोंधळाला येत नाही. ज्यांनी रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत ठरवली तीच दैवतं दरवर्षी येतात, त्याच क्रमाने.

भोंडल्याचंही तेच. तुम्ही हादगा म्हणा, विदर्भ-खानदेशातले भुलाबाई म्हणतील, गाणी थोडी इकडची तिकडे. चाल चार-पाच सुरांत संपते. ज्यांना शाळेच्या गायनात उभं केलं जायचं पण गाऊ नकोस असं सांगितलं जायचं, त्यांनासुद्धा ती येते. (हो, स्वानुभव.) बी पेरलं, वेल आला, फूल आलं, कारलं लागलं, भाजी केली, पुढे किती लांबवायचं ते फेरातल्या बायकांवर. खिरापत यायला उशीर असेल तर कारल्याची भाजी खाऊन उष्टीसुद्धा निघतात. मग सासऱ्याला विचार, दिराला विचार. अशा गाण्याला एक मिनिट चाळीस सेकंदांचं कुंपण घातलं मी. वर ट्रॅक व्यावसायिक गायिकेच्या पट्टीतला, त्यामुळे आपल्या बायकांनी सोबत गायचं म्हटलं तरी आवाज पोचत नाही. मग नाचतातच नुसत्या. छान नाचतात, प्रश्नच नाही.

सासूबाईंचं माहेर मुळशी तालुक्यातलं. त्यांच्या आईला ओव्या किती येत होत्या त्याला मोजदाद नाही. सासूबाईंना थोड्या येतात, त्याही लग्नात जातं पूजताना म्हणायच्या तेवढ्या. कारण सरळ आहे. गावात गिरणी आली, पहाटेचं दळण सुटलं. ते सुटलं हे बरंच झालं, असं सासूबाई स्वतः म्हणतात. तुम्ही एक दिवस दळून दाखवा, मग ओव्यांवर भाषण करा. पण दळणाबरोबर ओवी म्हणायची वेळही गेली. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ या दोघा अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्या जमवल्या, पुढे त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. हजारावर गावं, लाखावर ओव्या. 2017पासून 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येताहेत, फुकट ऐकता येतात. मी त्या रात्री सासूबाईंना लावून दिल्या. मला वाटलं होतं सीता, विठोबा, भाऊराया एवढंच असेल. ते आहेच, पण बाबासाहेबांवर किती ओव्या आहेत! विठ्ठल-रुक्मिणीच्या, भावा-बहिणीच्या चालीवर त्या बायकांनी आंबेडकर बसवले. त्यांना कुठल्या सांस्कृतिक समितीची परवानगी लागली नाही. त्यांच्या आयुष्यात जे मोठं घडलं ते त्यांनी जात्यावर घातलं, बस्स. आणि आपल्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही की काय? घर सोडलं, देश सोडला, आईबापांची शेवटची दुखणी फोनवर ऐकली. याची एक ओवी आपल्यातल्या कुणी रचली आहे का? मी तरी रचलेली नाही. मी ट्रॅक कापत होते.

एक गंमत सांगते, गंमत म्हणजे तेव्हा रडू आलं होतं. मागे आपण कार्यक्रमाचा व्हिडिओ चढवला, लोकगीतांचा. भारतातले आजी-आजोबा डोळे लावून बसलेले. दुसऱ्या दिवशी बघतो तर नाच आहे आणि आवाज गायब. रेकॉर्डिंगवर कुणाचा तरी हक्क होता, आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांनी वादक-गायकांचे पैसे मोजलेले असणार. पण बघा, पिढ्यान् पिढ्या कुणाच्याच मालकीचं नसलेलं गाणं, आणि आपण ते अशा वाटेने आणलं की मुकं झालं. आपल्या बायकांनी आपल्या तोंडाने म्हटलं असतं, बेसूर का होईना, तर कोण अडवणार होतं?

थोडं रागवून घेते, नंतर जेवायचंच आहे. शिवलेल्या नऊवाऱ्या, मागचा पडदा, ठुशा आणि नथी यांच्यावर आपण जो खर्च आणि ज्या शनिवार-रविवारच्या प्रॅक्टिस घालतो, त्यातली एक प्रॅक्टिस गाणं पाठ करायला घातलेली मला आठवत नाही. टार्नीटहून ग्लेन वेव्हर्लीला तासभर गाडी चालवून मुलं येतात आणि डावा पाय की उजवा पाय एवढंच शिकून परत जातात. शब्दांचा अर्थ विचारला तर आपण म्हणतो, नंतर सांगते, आता स्टेप बघ. तिकडून कलावंत बोलवायचे तर मालिकांमधले, कारण त्यांच्याबरोबर फोटो काढता येतो. संबळ वाजवणारा गोंधळी बोलवावा, मुलांना चार दिवस शिकवायला ठेवून घ्यावा, असं मी एकदा बैठकीत सुचवलं होतं. मिनिट्समध्ये 'चर्चा झाली' असं लिहिलंय. मिनिट्स मीच लिहिते.

तर यंदाच्या भोंडल्याला ट्रॅक नाही. हे समितीने मान्य केलंय, दोन मतं विरुद्ध पडली, नावं सांगत नाही, त्यातलं एक माझ्या घरात राहतं. पाटावर हत्ती असेल. हस्ताचा पाऊस इथे नाही, इथे आश्विनात वसंत सुरू असतो, पण मेलबर्नच आहे, पाऊस काय कधीही येईल. ज्यांच्या सासवा, आया सध्या इथे आल्यात त्यांनी त्यांना घेऊन या. गाणी त्या सांगतील, बाकीच्यांनी मागून म्हणायची. हातात कागद चालेल. आणि प्रत्येक गाण्यात शेवटी एक कडवं मुलांचं. ते कसंही असो, यमक जुळो न जुळो, मध्ये थांबवायचं नाही. कडव्यात आईवडिलांची उणीदुणी निघाली तरी थांबवायचं नाही. भोंडल्यात सासरची उणीदुणी काढत आलोच की आपण! कुणाला गिटार वाजवायची असेल तर वाजवा, फक्त बायकांच्या पट्टीत लावा.

आता माझी खरी धास्ती. धाकटीचं कडवं मराठीत होतं, कारण आजी समोर होती. तिचा दादा बारावीत आहे, त्याला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. त्या दिवशी त्यानेही खोलीतून एक ओळ ओरडून घातली, पूर्ण इंग्रजीत, चालीत चपखल बसलेली. सासूबाई हसल्या. मलाही हसू आलं, पण पोटात कसंतरी झालं. मोकळी जागा ठेवा, असं मीच म्हणतेय ना? मग त्या जागेत इंग्रजी येऊन बसली तर मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?

मॉरिशसला 1834नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर गेले, त्यांत कोकणातले आपले लोकही होते. ते जाखडी, हा कोकणातला गात नाचायचा प्रकार, घेऊन गेले. तिथे तिला झाकरी म्हणतात आणि आजही ती गातात, नाचतात. पण घरात बोलतात क्रिओल. मराठी त्यांची मुलं शाळेत विषय म्हणून शिकतात. म्हणजे गाणं टिकलं आणि घरातली भाषा गेली. कधी मला वाटतं, केवढी कमाल केली त्या माणसांनी, ना पैसा, ना मंडळ, ना मायदेशी परतीचं तिकीट. आणि कधी वाटतं, आपल्याला याहून जास्त काही हवंय का, आणि हवं असेल तर ते एका भोंडल्याने होणार आहे का? वीस वर्षांनी इथल्याच कुठल्यातरी हॉलमध्ये ऐलमा पैलमा झाल्यावर पुढची सगळी कडवी इंग्रजीत आली, तर आपण फेरात राहायचं की बाहेर येऊन खुर्चीत बसायचं?

मला ठाऊक नाही. समितीलाही नाही. समितीला तर आज गाड्या कुठे लावायच्या तेही ठाऊक नव्हतं. पांढरी कोरोला ज्यांची आहे त्यांनी ती आधी काढा, केटरिंगवाले अडकलेत.