पैसे कशाचे मिळतात?

मंडळी, बालकल्याणाच्या खासगीकरणाचा विषय निघाला की सभेत लगेच दोन तट पडतात. सरकारी खातं म्हणजे ढिम्म, असं एका बाजूचं म्हणणं. खासगी म्हणजे लूट, असं दुसऱ्या बाजूचं. माझा प्रश्न दोघांनाही आहे. मूल सांभाळणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात?

अमेरिकेत कॅन्सस राज्यानं १९९६पासून दत्तक, कुटुंबाला आधार आणि मुलांना तात्पुरत्या पालकांकडे ठेवणं ही सगळी कामं खासगी संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली. संपूर्ण राज्यात असं करणारं ते पहिलंच. पैसे देण्याची पद्धत अशी, की मुलामागे एकदाच ठरलेली रक्कम. मूल लवकर घरी गेलं तर उरलेले पैसे संस्थेचे. रेंगाळलं तर खर्च तिच्याच अंगावर. कागदावर हिशेब चोख. पण जुन्या खर्चाची नीट आकडेवारीच राज्याकडे नव्हती, त्यामुळे दर अंदाजपंचे ठरले. संस्था तोट्यात गेल्या आणि २००० साली राज्य दरमहा, दर मुलामागे पैसे देण्यावर आलं. आता संस्था तगल्या, पण मूल लवकर घरी पाठवण्यात त्यांचा फायदा उरला नाही.

अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्याची गत त्याहून वाईट. २००९मध्ये पाच संस्थांना काम दिलं, २०१२पर्यंत एकच उरली. पुढे २०१९मध्ये तिथल्या ओमाहा शहराकडच्या भागाचं काम फार कमी बोली लावणाऱ्या दुसऱ्या संस्थेला दिलं, आणि २०२२मध्ये ते सरकारनं परत घेतलं. स्वस्तातलं टेंडर काय करतं हे नाशिककरांना खड्ड्यांवरून ठाऊक आहे. तिथे खड्ड्यात मुलं होती.

इंग्लंडमध्ये तर कंपन्या सरळ नफ्यासाठी उतरल्या. तिथल्या बाजार-स्पर्धा प्राधिकरणानं २०२२मध्ये हिशेब मांडला, तेव्हा बालगृहं चालवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांचा नफा सरासरी २२.६ टक्के निघाला. वेल्सनं २०२५मध्ये कायदा करून या कामातून नफा हद्दपार करायला घेतला.

आपल्याकडे खासगीकरण कधी झालं? झालंच नाही, कारण हे काम मुळातच संस्थांनी उभं केलं. निराधार मुलांना सांभाळणारा नाशिकचा आधाराश्रम १९५०च्या दशकातला. बाल न्याय कायदा आत्ताचा, २०१५चा. सरकार मागाहून आलं, अनुदान आणि नोंदणी घेऊन. संस्थाचालकांबद्दल मला आदर आहे. अनुदान रखडलं की किराणा दुकानदाराची मनधरणी तेच करतात, मंत्रालय नाही करत.

पण अनुदान मिळतं कशाचं? हजेरीपटावरच्या मुलाचं. सुरगाण्याची एखादी आई ऑक्टोबरच्या छाटणीला दिंडोरीच्या द्राक्षबागेत येते. नवरा नाही, झोपडीत राहायचं, मुलाची शाळा सुटलेली. मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे ते मूल आलं की सोपा मार्ग बालगृहाचा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत प्रायोजकत्वाचे महिना ४००० रुपये आहेत, ते मूल आईजवळच राहावं म्हणून. पण त्यासाठी कुणीतरी गावी जाऊन गृहचौकशी करायची, उत्पन्नाचा दाखला काढायचा, आईचं बँक खातं उघडायचं. जिल्ह्यात तेवढी माणसं कुठे आहेत? खाट मात्र तयार असते. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही.

आणि दुष्ट असेल तर? बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं बालिकागृह संस्थेचं होतं, अनुदान सरकारचं, तपासण्याही होत होत्या. अत्याचार उघड झाले ते २०१८मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणीतून. त्या पथकानं मुलींशी बोलणं केलं. आधीच्या तपासण्यांत काय केलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या तपासणी समितीकडून मला एवढंच हवं आहे: खाटा आणि शौचालयं मोजून झाली की मुलांशी एकांतात बोला, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली, त्यातली किती परत आली, हे विचारा. पैसे देण्यात कॅन्सस चुकलं, पण घरी गेलेलं मूल वर्षभरात परत आलं का, याचा आकडा ते करारानुसार संस्थांकडून मागत होतं.