तेरावा महिना

(दृश्य: कळवा, खारेगाव. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक वही.)

वही साधीच, 200 पानी. पहिल्या पानावर वर 'श्री' आणि खाली नावं. आधी सख्खे, मग चुलत-मावस, मग शाळेतल्या मैत्रिणी, वागळे इस्टेटमधल्या जुन्या कारखान्यातले सहकारी आणि अगदी तळाला इस्त्रीवाले काका. एकूण 112. विमा एजंट व्हायचं म्हटलं की पहिला गृहपाठ हाच मिळतो: ओळखीच्यांची यादी करून आणा.

वही ज्यांची आहे त्यांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय. आपण त्यांना ताई म्हणू.

दहावी पास, 25 तासांचं प्रशिक्षण, मग एका तासात 50 प्रश्न. ताई पहिल्याच फटक्यात पास झाल्या. त्या दिवशी विमा कंपनीच्या साहेबांनी फळ्यावर हिशोब मांडला. वर्षाचा हप्ता 24,000, पहिल्या वर्षाचं कमिशन 25 टक्के धरलं तर 6,000. महिन्याला पाच पॉलिसी, म्हणजे 30,000. गुणाकार अगदी बरोबर होता. त्यातला 'पाच' कुठून आला, हे मात्र हॉलमधल्या कुणीच विचारलं नाही.

(दृश्य: वहीची पानं उलटतात.)

पहिला महिना, 4 पॉलिसी. दादा, वहिनी, नणंद, एक मैत्रीण. दुसरा महिना, 2. तिसरा, 1. चौथ्या महिन्याच्या पानावर लाल पेनानं काढलेला एक गोल. यादीत नावं उरली होती, भीड संपली होती.

(दृश्य: घोडबंदर रोड, कासारवडवलीचा एक टॉवर.)

गेटवर टॅबवर नाव, फोटो, 'कुणाकडे?'. वरून होकार येईपर्यंत ताई वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभ्या. अकराव्या मजल्यावर पाणी मिळालं, मग चहाही मिळाला. मेडिक्लेमबद्दल सगळं ऐकून घेतल्यावर त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "छानच आहे हो. ह्यांना विचारून कळवते." ताईंनी खाली येऊन वहीत लिहिलं, 'ह्यांना विचारणार'. त्या पानावर हे शब्द सहा वेळा आहेत.

काहींना वेगळंच हवं असतं. एका मामांनी हसत हसत सांगितलं, "पहिला हप्ता तूच भर की, कमिशन तर तुलाच मिळणार!" हे सर्रास मागितलं जातं, आणि दिलंही जातं. विमा कायदा 1938, कलम 41 प्रमाणे अशी सूट देणंही गुन्हा आणि घेणंही. दंड 10 लाखांपर्यंत. ताईंनी मामांना कलम सांगितलं. मामा दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

मग वाटतं, गाड्यांचा विमा बरा, कायद्यानं सक्तीचाच आहे. तोही हिशोब करून बघू. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता 714 रुपये. त्यावर अडीच टक्के धरले तर एजंटच्या हातात 18 रुपयेसुद्धा पडत नाहीत. एक कटिंग मागवला की त्यातला बराचसा संपतो.

आणि मार्च? जुने एजंट मार्च एंडिंगच्या आठवणी लग्नाच्या सीझनसारख्या सांगतात. आयकराच्या कलम 80 सीच्या दीड लाखाच्या वजावटीसाठी लोक स्वतः फोन करायचे. आता 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट मिळत नाही. 'टॅक्स वाचेल' एवढ्या भांडवलावर दार उघडत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यानं बोलायला विषय मिळाला. सही मिळवायला मात्र चार फेऱ्या माराव्या लागतातच.

(दृश्य: नौपाडा. जुन्या चाळीवजा इमारतीत तळमजल्यावरचं छोटं ऑफिस, फायलींचे गठ्ठे.)

इथले काका गेली 30 वर्षं हे काम करतात. नव्या माणसानं काय धरून चालावं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "महिन्याला दोन. पण बारा महिने दोन. आणि घरखर्चाचे वर्षभराचे पैसे बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडायची नाही." साहेबांच्याच हिशोबानं दोन पॉलिसी म्हणजे 12,000. त्यातून रिक्षा, लोकल, मोबाइल. ठाण्यात एवढ्यावर घर चालत नाही, हे काकांना सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी उलट विचारलं, "तिच्या तेराव्या महिन्याचं काय?"

दुष्काळात तेरावा महिना, असं आपण म्हणतो. विम्याच्या धंद्यात तेरावा महिना म्हणजे पहिल्या वर्षाच्या विक्रीचा निकाल. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचा दुसरा हप्ता तेव्हा येतो. भरला तर साडेसात टक्क्यांच्या हिशोबानं त्याच 24,000 वर 1,800 रुपये, आणि तेही घरी बसून. अशा 1,800 ची उतरंड रचली जाते तेव्हा कुठे माणूस श्वास घेतो; काकांना त्याला आठ वर्षं लागली. हप्ता नाही भरला तर पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. भिडेखातर घेतलेल्या पॉलिसी इथेच गळतात. भरतीच्या हॉलमध्ये बढाया ऐकताना हा एक आकडा विचारून बघा: किती विकल्या ते राहू दे, तेराव्या महिन्यात किती चालू होत्या?

(दृश्य: पुन्हा खारेगाव. वहीचं पहिलं पान.)

ताईंच्या पहिल्या चार पॉलिसींचा तेरावा महिना चालू आहे. दादाचा हप्ता आला. नणंदेनं फोनवरून भरला. मैत्रिणीनं तर आठवण करायच्या आधीच. तिन्ही नावांपुढे निळ्या पेनाची टिकमार्क.

वहिनींच्या नावापुढची जागा रिकामी आहे. 30 दिवसांच्या सवलतीतले 11 उरलेत. रविवारी दादाकडे जेवायला बोलावलंय, पुरणपोळीचा बेत आहे. तिथे विषय काढायचा की नाही, ते ताईंचं अजून ठरत नाहीये.