प्रभात: मालकच कारागीर असलेला स्टुडिओ

नमस्कार मंडळी!

पुण्यात लॉ कॉलेज रोडला एफटीआयआयचं, म्हणजे चित्रपटाचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेचं, फाटक आहे. आत गेलात की जुने, उंचच उंच छताचे शूटिंगचे फ्लोअर दिसतात. ते एफटीआयआयने बांधलेले नाहीत. संस्था आली 1960 मध्ये, आणि हे फ्लोअर उभे राहिले त्याच्या पाव शतक आधी. ते प्रभात फिल्म कंपनीचे. प्रभातच्या चित्रपटांचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकलंय. ही कंपनी रोजच्या रोज चालायची कशी, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

[पडद्यावर: प्रभातचं बोधचिन्ह, तुतारी फुंकणारी स्त्री]

सुरुवात कोल्हापूरची. तिथे बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि त्या खटपटीत त्यांच्या हाताशी होते विष्णुपंत दामले. त्याच कंपनीत फत्तेलाल होते, केशवराव धायबर होते, आणि पडेल ते काम करत वर आलेला व्ही. शांताराम नावाचा तरुण होता. 1 जून 1929 ला या चौघांनी स्वतःची कंपनी काढली. भांडवलासाठी पाचवे भागीदार आले सराफ सीतारामपंत कुलकर्णी.

आता यातली गंमत बघा. पाचपैकी चार मालक स्वतः कारागीर! फत्तेलाल, म्हणजे सगळ्यांचे साहेबमामा, चित्रकार. सेट त्यांच्या नजरेतून उभे राहायचे. दामलेमामा यंत्रांतले जाणकार; बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण त्यांनी अंगावर घेतलं. धायबर कॅमेऱ्यावर, शांताराम दिग्दर्शनावर. सेटवर काही अडलं तर सोडवायला मालक तिथेच हजर.

1932 ला त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ काढला. मराठीतला हा पहिला बोलपट, आणि त्याची हिंदी आवृत्तीही सोबतच तयार झाली. हे दोन भाषांचं गणित नीट समजून घ्या, कारण प्रभातचा व्यवहार बराचसा त्याच्यावर उभा होता. त्या काळी डबिंगची सोय नव्हती. मग एकच सेट, तेच दिवे, बऱ्याचदा तेच कलाकार. प्रसंग एकदा मराठीत घ्यायचा आणि पुन्हा हिंदीत. खर्चातली सर्वांत मोठी बाब म्हणजे सेट, तो एकदाच उभारायचा आणि बाजारपेठ मिळायची सबंध देशाची. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’ असाच झाला.

1933 ला कंपनी पुण्यात आली. मूकपटाला उन्हात शूटिंग करून भागत होतं, पण बोलपटाला बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी बंद जागा लागते. म्हणून हे भव्य फ्लोअर. शिवाय स्वतःची लॅब, संकलनाची खोली, कपडेपट, सुतारकाम, आणि नदी-तलावाच्या दृश्यांसाठी आवारातच तळं. कलाकार, वादक, तंत्रज्ञ सगळे महिन्याच्या पगारावर. पगार चालू असल्यामुळे तालमी मनसोक्त व्हायच्या, आणि मला विचाराल तर प्रभातचा अभिनय आजही खोटा वाटत नाही, त्याचं श्रेय त्या तालमींना आहे.

‘संत तुकाराम’मधली जिजाई आठवा. ती साकारणारी गौरी आधी स्टुडिओत किरकोळ, गर्दीतली कामं करायची. बाहेरून नावाजलेली नटी आणायच्या ऐवजी दामले-फत्तेलालांनी तिच्यातली जिजाई ओळखली. याच चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवले यांनी लिहिलं, आणि ते इतकं अस्सल उतरलं की लोक तुकोबांचाच अभंग समजले. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पगारी माणसांचं हे काम आहे, हे कृपा करून विसरू नका.

पण पगारी व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. कलाकार कराराने बांधलेला असायचा. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे 1939 मध्ये कंपनीशी वाद झाल्यावर थेट स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या! पडद्यावर लादलेलं लग्न नाकारणारी नीरा साकारून त्यांना तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या काळात एका नटीने असं उघडपणे बसणं, याला केवढी हिंमत लागली असेल!

मग हे सगळं मोडलं कसं? भागीदारीतूनच. धायबर आधीच बाहेर पडले होते. मतभेद वाढले आणि शांतारामही गेले. 1942 मध्ये मुंबईत त्यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. 1945 ला दामले वारले. याच काळात महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झाली, आणि बाजारात नवा पैसा आला. तो पैसा एकेका चित्रपटापुरता नटांना मोठमोठ्या रकमा देऊ लागला. कायमच्या पगारावर शेकडो माणसं सांभाळणाऱ्या स्टुडिओला ही स्पर्धा झेपणं कठीण होतं. कोलकात्याचं न्यू थिएटर्स, मुंबईचं बॉम्बे टॉकीज, सगळ्यांचं साधारण हेच झालं. तरी 1946 च्या ‘हम एक हैं’मधून प्रभातने देव आनंदला पहिली संधी दिली, आणि गुरुदत्त तेव्हा तिथेच नोकरीला होते. 1953 ला कंपनी बंद पडली.

2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, गोदामाला आग लागली. त्यात प्रभातचाही जुना ठेवा जळाला. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून ते आज आपल्याला बघता येतात.

तुम्ही प्रभातचं काहीच पाहिलं नसेल तर ‘कुंकू’पासून सुरुवात करा. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, दाराची कडी, जे त्या घरात वाजतं तेवढंच ऐकू येतं. 1937 साली हे धाडस कुणी केलं असेल? हेडफोन लावून बघा, आणि कुठला आवाज तुम्हाला सर्वांत जास्त बोचला ते खाली लिहा. पुढच्या भागात ‘शेजारी’मधलं धरण कसं फोडलं, ते बघू.